आपण का थांबतो, का थांबत नाही

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : लूक १०:२५-३७



या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला आहे. तो आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. मी स्वतः तो किती वेळा शिकवला, याचा हिशेब नाही. तरी तो पुन्हा घेण्याचे कारण आहे. दोन वर्षांपूर्वी त्या दाखल्यातल्या रस्त्यासारख्याच एका रस्त्यावरून मी गेले, आणि जखमी माणसाला टाळून पलीकडच्या बाजूने गेले.

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी असते. मिशनतर्फे तीन पाड्यांवरच्या म्हाताऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या बायांना ब्लँकेटे द्यायची होती. शहरातल्या एका मंडळीने ती पाठवली होती आणि त्या मंडळीतले पाहुणे अकरा वाजता पाड्यावर पोहोचणार होते. आमची जीप निघायलाच पाऊण तास उशीर झाला. मागे गठ्ठे, माझ्या मांडीवर नावांचे रजिस्टर, आणि दर पाच मिनिटांनी वाजणारा फोन.

घाटातल्या एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई बसलेली दिसली. शेजारी दोन बोचकी होती. तिच्या पलीकडे एक माणूस आडवा पडला होता, तोंडावर फडके. ड्रायव्हरकाकांनी गाडी हळू केली आणि माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले.

“दारू पिऊन पडला असेल, काका. चला, पाहुणे आले असतील.”

हे मी म्हणाले. दारूचा वास मला आला नव्हता. त्या माणसाचा चेहराही मी पाहिला नव्हता.

कार्यक्रम चांगला झाला. गीत झाले, प्रार्थना झाली, फोटो झाले. १२० नावांपैकी ११९ जणी आल्या. एका नावापुढे मी लाल शाईने ‘गैरहजर’ लिहिले. परतताना संध्याकाळी त्या वळणावर मी मुद्दाम खिडकीतून पाहिले. कोणी नव्हते. रस्त्याच्या कडेला लाकडाची एक मोळी तेवढी पडलेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी अठरा वर्षे हे काम करते आहे. थिऑलॉजीचा डिप्लोमा केला, समाजकार्याचे प्रशिक्षण घेतले. मी दगडाच्या काळजाची नाही, असे मला वाटते. मग मी का थांबले नाही? हा प्रश्न मी दोन ठिकाणी नेला : पवित्र शास्त्राकडे, आणि प्रशिक्षणात वरवर शिकलेल्या मानसशास्त्राकडे. माणूस दुसऱ्याला मदत का करतो आणि का करत नाही, यावर गेल्या साठेक वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यातला आपल्या उपयोगाचा भाग आज पाहू.

१. सेमिनरीतले चाळीस विद्यार्थी

जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीमध्ये एक प्रयोग केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे पाळक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण द्यायचे आहे. काहींना विषय दिला होता नोकरीच्या संधींचा. काहींना दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे आपण आज वाचतो आहोत तोच.

वाटेतल्या बोळात एक माणूस दारापाशी वाकून पडलेला होता. तो खोकत होता, कण्हत होता. तो प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला होता, पण विद्यार्थ्यांना हे ठाऊक नव्हते.

निघताना काही विद्यार्थ्यांना सांगितले, ‘अजून वेळ आहे, पण निघालात तरी चालेल.’ काहींना सांगितले, ‘वेळ झाली आहे, निघा.’ आणि काहींना, ‘तुम्हाला उशीर झाला आहे, ते वाट पाहत आहेत.’

निकाल असा आला : सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. वेळेवर निघालेल्यांपैकी ४५ टक्के. आणि घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. मनात शोमरोन्याचा दाखला घोळवत निघालेले विद्यार्थी इतरांपेक्षा ठळकपणे जास्त थांबले, असे दिसले नाही. काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून दाखल्यावर भाषण द्यायला गेले.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या विद्यार्थ्यांचा राग आला होता. त्या डिसेंबरनंतर वाचले तेव्हा मी त्यांच्यात स्वतःला पाहिले.

चाळीस माणसांचा एक प्रयोग म्हणजे अख्खे मनुष्यजीवन नव्हे. पण त्याच्या लेखकांनी नोंदवलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. न थांबलेले सगळे निर्दय होते असे त्यांना वाटले नाही. भाषणाच्या ठिकाणी पोहोचल्यावर त्यांच्यातले काही अस्वस्थ दिसत होते. ते ओढाताणीत सापडले होते. कारण पलीकडे कोणीतरी त्यांची वाट पाहत होते, आणि त्यालाही मदतच करायची होती.

माझी घाई तशीच होती. मी सिनेमाला चालले नव्हते. मी ब्लँकेटे वाटायला चालले होते! सेवेची घाई ही सगळ्यांत फसवी, कारण तिच्याबद्दल आपल्याला अपराधी वाटत नाही.

आता दाखल्याकडे या. यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या वाटेत हजार मीटरचा उतार, दोन्हीकडे खडक आणि दऱ्या. त्या वाटेने याजक जातो, लेवी जातो. त्यांच्या मनात काय होते हे प्रभू सांगत नाही. आपण मात्र उपदेशात त्यांना चटकन खलनायक करून टाकतो. कदाचित त्यांच्याही डोक्यात कामाची यादी असेल. एवढेच नक्की आहे की त्या दोघांनीही त्याला पाहिले. पाहिले तिघांनीही. थांबला एकच.

२. कोणीतरी थांबेलच

मी त्या वळणावर स्वतःची आणखी एक समजूत घातली होती : ‘रहदारीचा रस्ता आहे, मागून एसटी येईल, कोणीतरी थांबेलच.’

या विचारावरही अभ्यास झाला आहे. डार्ली यांनी बिब लाटाने या सहकाऱ्याबरोबर १९६८ साली न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक विद्यार्थी वेगळ्या खोलीत एकटा बसून यंत्रावरून इतरांशी बोलत होता. बोलता बोलता एकाला फिट आल्याचे ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपण्याआधी मदत मागायला धावले. आपल्याशिवाय आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले ३१ टक्केच उठले. जे उठले नाहीत त्यांच्याही हाताला घाम सुटलेला होता, हात कापत होते. त्यांना काळजी होती. पण जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडीच आली.

याचा अर्थ चार माणसे जमली की माणुसकी संपते असा नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांची सीसीटीव्ही चित्रणे तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडला होता. बघे जास्त, तशी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे गर्दीतून ‘कोणीतरी’ पुढे येतो, हे खरे आहे. प्रश्न एवढाच की तो ‘कोणीतरी’ मी का नाही?

आपल्या मंडळीत पाहा. उपासनेनंतर घोषणा होते : “अमुक बंधू आजारी आहेत, कोणीतरी भेट द्यावी.” सगळे मान हलवतात. पुढच्या रविवारी कळते, कोणीच गेले नाही. दोनशे माणसांच्या मंडळीत प्रत्येकाला वाटते, बाकीचे एकशे नव्व्याण्णव आहेत की. पण पाळकांनी दारात थांबवून सांगितले, “ताई, तुम्ही उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाल का?” तर ती ताई जातेच. जबाबदारीला नाव लागले की पाय आपोआप उचलतात.

३. कळवळा की अस्वस्थता?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. जो मदत करतो, तो तरी का करतो? दुसऱ्यासाठी, की स्वतःच्या मनाला बरे वाटावे म्हणून?

शोमरोन्याला कळवळा आला असे लूक लिहितो. मूळ ग्रीक भाषेतला तो शब्द आतड्यांशी जोडलेला आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘आतडे तुटले’ असे आपण म्हणतोच.

पण दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या आत दोन वेगळ्या गोष्टी घडतात, असे डॅनिएल बॅट्सन यांचे म्हणणे आहे. एक म्हणजे आपली स्वतःची अस्वस्थता : हे मला पाहवत नाही. दुसरी म्हणजे त्या माणसाविषयीची कळकळ : याचे काय होईल? दोन्हींमुळे हात पुढे होतो. मग फरक कसा ओळखायचा?

बॅट्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक युक्ती केली. एक तरुणी विजेचे धक्के सहन करते आहे असे विद्यार्थिनींना पडद्यावर दाखवले (धक्के खरे नव्हते), आणि तिच्या जागी बसायला तयार आहात का, असे विचारले. काहींना निघून जाण्याची मोकळीक होती, पुढचे काही पाहावे लागणार नव्हते. काहींना मात्र शेवटपर्यंत पाहत बसणे भाग होते. जिच्या मनात त्या तरुणीविषयी फारशी जवळीक नव्हती, ती वाट मोकळी असली की बहुधा निघून जाई. आणि जिला ती आपल्यासारखी, आपली वाटली होती, ती निघून जाण्याची मोकळीक असूनही बहुधा थांबली.

यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मदतीमागे शेवटी स्वतःचेच दुःख हलके करणे असते, असेही काही अभ्यासक म्हणतात. तो वाद आपण इथे मिटवणार नाही. पण या प्रयोगाने मला स्वतःला तपासायची एक कसोटी दिली : नजरेआड होण्याची सोय असतानाही मी थांबते का?

याजक आणि लेवी पलीकडच्या बाजूने गेले, म्हणजे त्यांनी ती सोय वापरली. माझ्याकडे जीप होती. वळण घेतले की ती बाई दिसेनाशी झाली, आणि पहिल्या दोन किलोमीटरनंतर माझी अस्वस्थताही ओसरली. ती कळकळ असती तर ओसरली नसती.

शोमरोन्याचे वागणे या कसोटीवर लावून पाहा. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले. तिथे सोडून तो निघाला असता तरी आपण त्याला चांगलेच म्हटले असते. पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या माणसाला दोन दीनार दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळते की दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आणि वर, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असे कबूल केले. त्याची अस्वस्थता पहिल्या पट्टीबरोबरच शमली असेल. परत येण्याची तयारी कळवळ्यातून आली.

मदत केल्यावर आनंद होतो, म्हणून ती स्वार्थी ठरते का? मला तसे वाटत नाही. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की हातात दिलेले थोडे पैसे स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यावर खर्च करणारे दिवसअखेर अधिक आनंदी होते. देण्यातला आनंद ही देवाने घडवलेल्या मनाची रचना आहे, त्याची लाज कशाला? फक्त आनंद संपला की मदतही संपते का, एवढे पाहायचे.

४. एक चेहरा

हे आपल्या त्रैमासिकाविषयी आहे, म्हणून जरा स्पष्टच लिहिते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी देणगी मागितली गेली. काहींना मालीमधल्या एका लहान मुलीची गोष्ट आणि फोटो दिला. काहींना लाखो उपाशी लोकांचे आकडे दिले. मुलीसाठी लोकांनी आकड्यांच्या दुपटीहून जास्त दिले. पण मुलीबरोबर आकडेही दिले, तेव्हा देणगी मुलीच्या एकटीच्या गोष्टीपेक्षा कमी झाली. आकडा वाढला की काळीज मोठे होत नाही, उलट थकते.

म्हणूनच आम्ही कार्यकर्ते एखाद्या मुलीचा फोटो छापतो. त्याने देणग्या येतात, मुलांच्या फीया भरल्या जातात. मी हे चूक म्हणत नाही. प्रभूनेही ‘गरिबी’ या विषयावर व्याख्यान दिले नाही, रस्त्यात पडलेला एक माणूस दाखवला. पण त्यात एक धोका आहे. फोटोतली मुलगी कायम घेणारी राहते आणि आपण कायम देणारे. ब्लँकेटाच्या दिवशी माझ्या रजिस्टरातल्या १२० बाया माझ्या लेखी तशाच होत्या. ज्यांना द्यायचे, त्यांची यादी.

५. गैरहजर

दोन दिवसांनी मी राहिलेले एक ब्लँकेट घेऊन त्या गैरहजर बाईच्या झोपडीवर गेले. मनात थोडी नाराजी होती. एवढे नियोजन केले, निरोप पाठवले, आणि ही आली नाही!

पन्नाशीची विधवा बाई. अंगणात नागली पाखडत होती. मी विचारले, “मावशी, त्या दिवशी का नाही आलात? आम्ही नाव पुकारलं तुमचं.”

ती म्हणाली, “येतच होती, ताई. मोळी इकून तशीच तुमच्याकडं येणार होती. वळणावर तो माणूस पडलेला.”

मी ब्लँकेट हातात धरून तशीच उभी राहिले.

तिने सांगितले ते असे. ते जोडपे वीटभट्टीवरून परत येत होते. नवरा चार दिवस तापाने फणफणला होता. जीपवाल्याने फाट्यावर उतरवले, चालता चालता तो कोसळला. मावशीने मोळी खाली टाकली, त्याच्या तोंडात पाणी घातले आणि त्याच्या बायकोजवळ बसली. दोन-तीन गाड्या गेल्या. (त्यात एक आमची होती. तिने ती ओळखली की नाही, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.) दुपारी एक टेम्पो थांबला. मावशी त्यांच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेली आणि रात्री तिथेच राहिली. न्यूमोनिया होता. माणूस वाचला.

“आणि मोळी?” मी काहीतरी बोलायचे म्हणून बोलले.

“मोळी काय पळून जाते, ताई? दुसऱ्या दिवशी तिथंच होती. माणूस नाय राहत.”

मग मी विचारले, “ओळखीचे होते का ते?”

“नाय. परक्या गावचे.” थोडा वेळ ती पाखडत राहिली. मग म्हणाली, “आमी भट्टीवर होतो तवा माझा धाकला पोर तापला. मुकादम बोलला, सकाळी बघू. सकाळी पोर नव्हता. तिथं एक बाई होती, आमच्या जातीची पण नव्हती. ती रातभर माझ्याजवळ बसली. काय केलं नाय तिनं. नुसती बसली.”

एर्विन स्टॉब नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. १९३८ साली हंगेरीत ज्यू कुटुंबात जन्मले, लहानपणी नाझींच्या तावडीतून दुसऱ्यांच्या मदतीने वाचले. माणूस मदत का करतो, याचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. दुःख माणसाला कडू करू शकते, सूड घ्यायला लावू शकते. पण कधी कधी त्याच दुःखातून परोपकार जन्मतो, असे ते म्हणतात. असे घडायला त्या दुःखाच्या वेळी किंवा नंतर कोणाचा तरी आधार मिळालेला असणे फार मोलाचे असते. मावशीने हे चार वाक्यांत सांगितले. भट्टीवरची ती अनोळखी बाई नुसती बसली. वर्षांनंतर घाटातल्या वळणावर त्या बसण्याचे फळ एका तिसऱ्याच माणसाला मिळाले.

गरीब म्हणजे आपोआप देवमाणूस, असे मला म्हणायचे नाही. पाड्यावरही भांडणे असतात, हेवेदावे असतात. पण तिथे एकमेकांसाठी थांबण्याची सवय अजून आहे. आवणीच्या दिवसांत सावड असते : आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या. हाताला ती सवय असली की प्रसंग आल्यावर फार विचार करावा लागत नाही. मावशीने विचार केला नाही. विचार मी केला होता.

त्या नियमशास्त्र्याने प्रभूला विचारले होते की माझा शेजारी कोण. म्हणजे मी कोणाला मदत द्यायची, त्यांची यादी द्या. प्रभूने शेवटी प्रश्नच उलटा केला : पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? आणि उत्तर म्हणून जो माणूस दाखवला, तो ऐकणाऱ्यांच्या लेखी हलका, दूर ठेवायचा शोमरोनी होता. माझ्या यादीत मावशी ‘लाभार्थी’ होती. प्रभूच्या दाखल्यात ती शोमरोनी निघाली, आणि मी रजिस्टर घेऊन पलीकडून गेलेली लेवी.

ब्लँकेट देऊन मी तिचा अंगठा घेतला, तेव्हा तो लाल शब्द खोडला. तिला वाचता येत नाही, त्यामुळे तो तिला कळला नाही. मला मात्र तो खोडूनही वाचता येतो.

६. थांबायला जागा

या अभ्यासातून मला जे मिळाले ते एका वाक्यात सांगते : कळवळा हुकमाने येत नाही, पण थांबायला जागा ठेवणे आपल्या हातात आहे. आम्ही मिशनच्या कामात चार साधे बदल केले आहेत. ते तुमच्या घरी आणि मंडळीतही करता येतील.

पहिला, वेळ. आता कोणत्याही कार्यक्रमाला आमची जीप अर्धा तास आधी निघते. तो अर्धा तास रस्त्याचा. गाडीत पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि एक जादा चादर असते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठी फोनला रेंज कुठल्या वळणावर मिळते, हे ड्रायव्हरकाकांनी लिहून ठेवले आहे.

दुसरा, नाव. ‘कोणीतरी करा’ असे आम्ही सभेत म्हणत नाही. ज्याला सांगायचे त्याला नावाने सांगतो, दिवस ठरवतो.

तिसरा, परत जाणे. रजिस्टरात ‘गैरहजर’ हा रकाना काढून टाकला. त्या जागी दोन नवे रकाने आहेत : ‘का येता आले नाही?’ आणि ‘पुन्हा भेट’. उतारशाळेत परत येण्याचे वचन शोमरोन्याने दिले होते. आपलीही मदत दुसऱ्या भेटीवरून ओळखली जावी.

चौथा, पाहणे. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढत नाही. आणि दर भेटीत निदान एक गोष्ट त्या घरातल्या माणसांकडून शिकून यायची, असे आम्ही ठरवले आहे.

प्रिय देणगीदारांनो, तुमच्या ब्लँकेटांनी त्या हिवाळ्यात १२० जणींना ऊब दिली, हे तितकेच खरे आहे. ते कमी लेखण्यासाठी मी हे लिहिले नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही आमच्याकडे याल, तेव्हा एक विनंती आहे. परतीची घाई ठेवून येऊ नका. एक रात्र राहा. कदाचित वाटेत आपल्याला कोणासाठी तरी थांबावे लागेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात तुम्ही कोणाला पाहून पुढे निघून गेलात? तेव्हा स्वतःला कोणते कारण दिले होते?
२. तुमच्या आठवड्यात कोणती ‘सेवेची घाई’ आहे? तिच्यामुळे घरातले किंवा शेजारचे कोण दुर्लक्षित राहते?
३. तुमच्या कठीण काळात कोण ‘नुसते बसले’ होते? त्याचा तुमच्या स्वभावावर काय परिणाम झाला?
४. आपल्या मंडळीच्या मदतीच्या यादीतल्या एखाद्या व्यक्तीने दुसऱ्याला केलेली मदत तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर ती कशी कळेल?

प्रार्थनेचे विषय

• दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे सुखरूप परत यावीत, आजारपणात त्यांना वेळेवर उपचार मिळावेत.
• पाड्यांवर एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी, आणि त्या इतरांसाठी जे करतात त्याबद्दल उपकारस्तुती.
• आम्हा कार्यकर्त्यांसाठी : आमच्या कामाच्या घाईत तुझा माणूस रस्त्यात पडलेला राहू नये, हे प्रभू, अशी बुद्धी आम्हाला दे. आमेन.